ड्रेजमध्ये किती आले आणि तळाशी किती राहिले: जॉर्जेस बँकेवरच्या स्कॅलप-मोजणीचे प्रकरण

डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यापलीकडे, जॉर्जेस बँक या उथळ सागरी पठारावर आणि त्याच्या लगत, समुद्राचे तीन मोठे पट्टे मासेमारीला बंद झाले. तिन्ही मिळून क्षेत्र सुमारे १७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्याहून थोडे जास्तच. बंदीचा स्कॅलप या शिंपल्याच्या प्राण्याशी थेट संबंध नव्हता. कॉड, हॅडक, यलोटेल फ्लाउंडर या तळाजवळच्या माशांचे साठे ढासळले होते आणि त्यांना सावरायला वेळ द्यायचा होता. तळ खरवडणारी अवजारे त्या पट्ट्यांत नेण्यास मनाई झाली आणि स्कॅलप काढणाऱ्या नौकांचे लोखंडी ड्रेजही, म्हणजे तळावरून ओढत न्यायची जाळीदार अवजारे, त्यातच अडकले.

चार वर्षांनी प्रश्न उभा राहिला: बंद पट्ट्यांत आता स्कॅलप किती आहेत, आणि त्यातले किती काढू द्यायचे?

पुण्यात एम.एस्सी.च्या वर्गाला नमुना सर्वेक्षण शिकवताना मी हे प्रकरण सविस्तर घेते. दर वर्षी कोणीतरी विचारतेच, "मॅडम, समुद्र इथून लांब, आणि हा प्राणी आपण खातही नाही. मग हेच का?" कारण असे की, इथे कोट्यवधी डॉलरचा निर्णय एका छेदावर, म्हणजे भागाकारातल्या खालच्या संख्येवर, लटकलेला होता. तो छेद कसा शोधला, हे एकदा नीट समजले की पुढे कुठलीही मोजणी समोर आली तरी विद्यार्थी पहिला प्रश्न बरोबर विचारतात.

प्राणी आणि त्याचे वय

हा अटलांटिक समुद्री स्कॅलप. कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखातापासून दक्षिणेला केप हॅटरसपर्यंत तो आढळतो. पंख्याच्या आकाराच्या दोन शिंपा आणि त्या मिटवणारा एक जाड पांढरा स्नायू. बाजारात विकला जातो तो हा स्नायूच. आपल्या खाडीतल्या तिसऱ्या (लहान शिंपले) वाळूत रुतून बसतात, हा मात्र तळाच्या पृष्ठभागावर पडून असतो. त्यामुळे कॅमेऱ्याला तो दिसू शकतो, आणि पुढे या प्रकरणात त्याला फार महत्त्व आले.

आणखी एक गोष्ट वाढीची. तिसऱ्या ते पाचव्या वर्षात शिंपला दीड पटीहून अधिक वाढतो आणि आतले मांस सुमारे चौपट होते. म्हणजे तीन वर्षांचा स्कॅलप उचलणे हे नुकसानच. एरवी नौका तेवढा धीर धरत नसत, कारण आपण सोडला तर शेजारची नौका उचलणार. बंदीने हा धीर सगळ्यांवर एकदम लादला.

सर्वेक्षण काय सांगत होते

सरकारी सर्वेक्षण १९७० च्या दशकापासून चालू होते. पद्धत स्तरित यादृच्छिक: खोली आणि भाग पाहून समुद्राचे स्तर पाडायचे, प्रत्येक स्तरात चिठ्ठी टाकावी तशी ठिकाणे निवडायची. प्रत्येक ठिकाणी ८ फूट (२.४४ मीटर) रुंदीचे ड्रेज सुमारे ३.८ नॉटच्या (ताशी ३.८ सागरी मैल) वेगाने १५ मिनिटे ओढायचे. ड्रेजला आतून ३८ मिलिमीटरचे बारीक जाळे लावलेले, म्हणजे लहान पिल्लेही निसटू नयेत. वर आलेला प्रत्येक स्कॅलप पट्टीवर ठेवून मिलिमीटरमध्ये मोजायचा.

हिशेब वर्गात फळ्यावर करून पाहू. १५ मिनिटांत ०.९५ सागरी मैल, म्हणजे साधारण १,७६० मीटर. त्याला २.४४ ने गुणले की सुमारे ४,३०० चौरस मीटर तळ झाडला गेला. समजा वर ४३० स्कॅलप आले, तर दर चौरस मीटरला ०.१.

इथे थांबून मी वर्गाला विचारते, हे ०.१ कशाचे? तळावरच्या स्कॅलपचे की ड्रेजमध्ये आलेल्यांचे?

ड्रेज काही सगळे उचलत नाही. काही स्कॅलप उसळी मारून बाजूला होतात, काही खळग्यात राहतात, काहींवरून चौकट सरळ निघून जाते. जितका हिस्सा उचलला जातो ती ड्रेजची कार्यक्षमता. ती ४० टक्के असेल, तर तळावरची खरी घनता ०.१ भागिले ०.४, म्हणजे ०.२५. ती २७ टक्के असेल, तर ०.३७. पकड तीच, समुद्र तोच, पण साठा दीडपट.

बंद क्षेत्रांतला स्कॅलपचा साठा १९९४ ते १९९८ या काळात वजनाने १४ पट झाला, असे शास्त्रज्ञांना आढळले. हा आकडा ऐकताना एक बारकावा पटकन निसटतो. कार्यक्षमता दोन्ही वर्षी सारखीच असेल, तर गुणोत्तरात ती वर-खाली कापली जाते. साठा वाढला, किती पटींनी वाढला, हे सांगायला कार्यक्षमता माहीत असावी लागत नाही. पण "किती टन काढू द्यायचे?" या प्रश्नाला पटीत उत्तर चालत नाही. तिथे टनच लागतात, आणि टनांच्या छेदात ती अज्ञात संख्या बसलेली असते. वर्षानुवर्षांची उत्तम निर्देशांक-मालिका (साठा किती पटींनी वाढला-घटला हे दाखवणारे आकडे) हाताशी असूनही शास्त्रज्ञांना परवानगीचा आकडा देता येत नव्हता, तो यामुळे.

एकाच चरीत पुन्हा पुन्हा

१९९८ मध्ये ‘क्लोज्ड एरिया २’ या पूर्वेकडच्या पट्ट्यात सरकारी शास्त्रज्ञ, विद्यापीठांतले संशोधक आणि खुद्द व्यावसायिक स्कॅलप नौका यांनी मिळून सर्वेक्षण केले. त्यातला कळीचा भाग रिक्तीकरणाचा प्रयोग. कल्पना सोपी आहे: एकाच पट्ट्यावरून ड्रेज पुन्हा पुन्हा ओढायचे आणि पकड कशी घटते ते पाहायचे.

समजा पहिल्या ओढीत ४०० आले, दुसऱ्या ओढीत २४०, तिसऱ्या ओढीत १४४. प्रत्येक ओढ आधीच्या ०.६ पट. म्हणजे दर वेळी ४० टक्के उचलले जातात आणि ६० टक्के मागे राहतात. मग सुरुवातीला तिथे ४०० भागिले ०.४, म्हणजे १,००० होते. आतापर्यंतची एकूण पकड आडव्या अक्षावर, त्या ओढीची पकड उभ्या अक्षावर मांडली की बिंदू एका उतरत्या रेषेवर येतात; रेषा आडव्या अक्षाला जिथे छेदते, तो मूळ साठा.

कागदावर हे इतके देखणे दिसते की विद्यार्थी लगेच पुढे जायला निघतात. मी जाऊ देत नाही. समुद्रावर नौका शेतातल्या नांगरासारखी त्याच तासातून परत जात नाही. वारा आहे, प्रवाह आहे, शेकडो फूट तारेच्या टोकाला ड्रेज आहे. दुसरी ओढ पहिलीवर अर्धवटच पडते आणि उरलेला भाग ताज्या, न झाडलेल्या तळावरून जातो. त्यामुळे पकड खऱ्यापेक्षा सावकाश घटते. सावकाश घट म्हणजे हिशेबात कमी कार्यक्षमता, आणि कमी कार्यक्षमता म्हणजे फुगवलेला साठा. चुकीची दिशा नेमकी धोक्याची: आहे त्यापेक्षा जास्त दिसणार, म्हणजे जास्त काढू दिले जाणार.

यावर उपाय म्हणून जीपीएसच्या नोंदीवरून तळाचा नकाशा बारीक चौकटींत वाटायचा, कोणत्या चौकटीवरून ड्रेज किती वेळा गेले ते मोजायचे आणि त्यानुसार अपेक्षित पकड काढायची. स्कॅलप आणि सर्फ क्लॅम (वाळूत राहणारा एक समुद्री शिंपला) या दोघांसाठीही पुढे अशी गणिती प्रारूपे विकसित झाली. मला या सगळ्या प्रकरणातला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. साठा मोजण्याआधी माणसे आपले अवजार मोजत बसली, आणि तेही ज्यांच्या उत्पन्नावर परिणाम होणार होता त्या नौकांच्याच डेकवर उभे राहून. आकड्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास बसायला त्याचा फार उपयोग झाला.

पुढे कॅमेऱ्याची छायाचित्रे आणि ड्रेजची पकड एकाच ठिकाणी शेजारी शेजारी ठेवून जे अंदाज आले, ते वाळूच्या तळावर सुमारे ४० टक्के आणि गोट्यांच्या खडबडीत तळावर २७ टक्क्यांच्या आसपास. वरच्या उदाहरणात मी हेच दोन आकडे घेते ते त्यासाठीच.

चौकटीची कड

१९९९ पासून डार्टमथ येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या गटाने वेगळीच वाट धरली. पोलादी पिरॅमिडवर व्हिडिओ कॅमेरे बसवून तो नौकेवरून तळापर्यंत सोडायचा, खालची चौकट चित्रित करायची, वर उचलायचा, नौका थोडी वाहू द्यायची, पुन्हा सोडायचा. एका ठिकाणी अशा चार चौकटी. ठिकाणे समान अंतराच्या जाळीवर ठरलेली. कॅमेरा कोणाला चुकवत नाही, म्हणजे छेदातला तो त्रासदायक अंक गेला, असे वाटते.

पण इथेही एक छेद आहे: चौकटीचे क्षेत्रफळ. कॅमेऱ्यात सुमारे २.८ चौरस मीटर तळ दिसतो. कडेवरचा एखादा स्कॅलप अर्धाच दिसतो. तो मोजायचा का? त्या गटाने अर्धवट दिसणारेही सगळे मोजले आणि मोबदल्यात क्षेत्रफळ चारही बाजूंनी सरासरी शिंपल्याच्या निम्म्या उंचीएवढे वाढवून सुमारे ३.२ चौरस मीटर धरले. ही दुरुस्ती केली नसती, तर घनता १४ टक्क्यांनी फुगली असती.

या जागी आल्यावर मी पुण्याशी नाते असलेल्या एका संख्याशास्त्रज्ञाकडे वळते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख, आणि निवृत्तीनंतर पुण्यातच काम करत राहिलेले. १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांत त्यांनी दाखवून दिले की, शेतात कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असेल तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो. कारण कडेवरचे रोप आत की बाहेर हे ठरवताना माणसाचा हात ते आत घेतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड लांब, आणि तितकी फुगवण मोठी. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस आणि त्यांचे सहकारी लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. या दोन पक्षांचा वाद त्या काळी चांगलाच गाजला.

एका वर्षी वर्गात बारामतीकडचा एक मुलगा होता. घरची शेती, पीक विम्यासाठी होणारी कापणी त्याने पाहिलेली. कृषी सहायक दोरी ताणून खुंट्या ठोकतात, आणि दोरीवर आलेल्या रोपावरून बांधावर कशी चर्चा होते, हे त्याने इतके तपशिलात सांगितले की मला सुखात्मे यांचा मुद्दा वेगळा शिकवावा लागला नाही. मग त्यानेच विचारले, "पण मॅडम, कड तर मोठ्या शिंपल्याला जास्त लागणार ना?"

अगदी बरोबर. चौकटीची बाजू १.६८ मीटर धरा. १२० मिलिमीटरचा स्कॅलप प्रत्येक बाजूला ६० मिलिमीटर बाहेर असूनही दिसतो. त्याच्यासाठी खरी चौकट १.८० मीटरची आणि फुगवण जवळजवळ १५ टक्के. ३० मिलिमीटरच्या पिल्लासाठी चौकट १.७१ मीटरची आणि फुगवण ४ टक्क्यांहून कमी. सगळ्यांसाठी एकच सरासरी दुरुस्ती लावली, तर मोठे किंचित जास्त दिसतात आणि पिल्ले किंचित कमी. एकूण संख्येत फरक थोडा पडेल. पण आकारमानाचे वितरण वापरून पुढच्या दोन-तीन वर्षांचे भाकीत करायचे असेल, तर हा कल लक्षात ठेवायलाच हवा. त्यात पिल्ले मुळातच चित्रात कमी ओळखू येतात, म्हणजे दोन्ही चुका एकाच दिशेच्या.

निर्णय

जून १९९९ मध्ये क्लोज्ड एरिया २ चा दक्षिण भाग मर्यादित स्वरूपात उघडला. प्रत्येक फेरीला १०,००० पौंड मांसाची कमाल मर्यादा, आणि यलोटेल फ्लाउंडर ठरावीक प्रमाणाबाहेर जाळ्यात आला की काम थांबवण्याची अट. मूळ बंदी त्या माशासाठी होती हे विसरून चालणार नव्हते. त्या हंगामात सुमारे ६० लाख पौंड मांस निघाले. २००४ पासून फिरत्या बंदीची पद्धत नियमांतच आली: पिल्ले दिसली की क्षेत्र बंद, मोठी झाली की उघड. हे सर्व दर वर्षीच्या मोजणीवर चालते. पिल्ले दिसली नाहीत तर क्षेत्र बंद होत नाही, इतका सरळ संबंध आहे.

जिथे छेद स्थिर राहिला नाही

प्रकरण १९९९ ला संपवले असते तर सोपे झाले असते. पण नॅनटकेट लाइटशिप या दुसऱ्या पट्ट्यात २०१२ मध्ये जन्मलेल्या पिढीने वेगळाच पेच टाकला. तिथे स्कॅलप इतके दाट बसले की ड्रेज लवकर भरून जाई, आणि भरलेले ड्रेज पुढचे काही उचलत नाही. कॅमेरे प्रचंड संख्या दाखवत होते, ड्रेज त्या मानाने फार कमी. वाळूवरचे नेहमीचे ४० टक्के तिथे लागूच नव्हते.

आता मागे जाऊन त्या १४ पटींकडे पुन्हा पाहा. कार्यक्षमता कापली जाते, पण ती दोन्ही वेळी सारखी असेल तरच. दाटी वाढली की ती घटत असेल, तर दाट वर्षातली पकड कमी भरते आणि गुणोत्तर खऱ्यापेक्षा लहान येते. निर्देशांक निर्धोक, निरपेक्ष अंदाज तेवढा जोखमीचा, ही पाठ्यपुस्तकी समजूत इथे तुटते. त्या पट्ट्यात वाढीचे भाकीतही फसले: इतक्या गर्दीत स्कॅलप नेहमीच्या वेगाने वाढलेच नाहीत. संख्या बरोबर मोजूनही वजन चुकले.

कॅमेऱ्यांचाही एक स्वतंत्र पेच आहे. हॅबकॅम हे ओढत नेण्याचे उपकरण तळापासून साधारण दोन मीटर उंचीवरून जाताना दर सेकंदाला अनेक छायाचित्रे घेते. एका मोहिमेत लाखो चित्रे जमतात आणि त्यातली थोडीच माणसे बसून तपासतात. डेटा सायन्सकडे निघालेल्या मुलांचे डोळे इथे चमकतात. हिंजवडीतल्या नोकऱ्या त्यांच्या मनात असतात. ते लगेच लाखांना नमुन्याचा आकार मानून प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळू शकतो त्याचे माप) काढतात, आणि ती शून्याजवळ येते. पण लागोपाठची चित्रे एकमेकांवर चढलेली असतात, आणि स्कॅलप पुंजक्यांनी राहतात. एका चित्रात दाटी असेल तर पुढच्यातही असणार. नवी माहिती मिळते ती नौका नव्या भागात गेल्यावर, दोन मार्गांमधल्या अंतरातून. चित्रातले स्कॅलप ओळखणारे संगणकी प्रारूप कितीही चांगले असो, दोन मार्गांमधला न पाहिलेला समुद्र ते भरून काढत नाही. तिथे भूसांख्यिकीच (जवळच्या ठिकाणांवरून न पाहिलेल्या जागेचा अंदाज बांधणारे शास्त्र) लागते, आणि तिचे गृहीतक स्पष्ट लिहावे लागते.

खाडीसाठी

दापोली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने यावरून आपल्या गावच्या खाडीतल्या तिसऱ्यांचा प्रकल्प आखला. तिची पहिली कल्पना पुण्यातच मोजायची होती: गणेश पेठेच्या मासळी बाजारातून तिसऱ्या आणायच्या आणि आकारमान काढायचे. आणल्याही. बारीक जवळजवळ नव्हत्याच. त्यावरून खाडीत बारीक नाहीत असे म्हणता येत नाही, कारण वेचणाऱ्या बायकांच्या हातांनी आणि बाजाराच्या मागणीने त्या आधीच वगळलेल्या. तो नमुना टोपलीचा होता, खाडीचा नव्हता.

तिसऱ्या रुतलेल्या असतात, तेव्हा कॅमेरा उपयोगाचा नाही. ओहोटीला चौकट टाकून, वाळू उकरून चाळायची. चौकट केवढी? ३५ मिलिमीटरची तिसरी आणि २५ सेंटिमीटरची चौकट घेतली, तर कडेवरच्या सगळ्या मोजल्याने ३० टक्के फुगवण होते. ५० सेंटिमीटरच्या चौकटीला साडेचौदा टक्के. तिने ५० सेंटिमीटरची घेतली आणि नियम ठरवला: डाव्या व खालच्या कडेवरच्या मोजायच्या, उजव्या व वरच्या कडेवरच्या सोडायच्या.

रिक्तीकरणाचा प्रयोगही तिने हाताच्या वेचणीला लावला. आधी तिच्या मावशीने चौकटीत नेहमीप्रमाणे वेचायचे, मग तीच वाळू पूर्ण चाळून राहिलेल्या मोजायच्या. यातून वेचणाऱ्या हाताचा हिस्सा कळतो, आणि मग गावातल्या बायका रोज किती वेळ वेचतात व टोपली किती भरते, या साध्या नोंदींवरून खाडीतल्या साठ्याचा अंदाज बांधता येतो. चिखलात आणि वाळूत हा हिस्सा वेगळा येणार, म्हणून दोन्ही ठिकाणी वेगळ्या चौकटी.

मावशीचा प्रश्न होता, "आम्ही सोडतो ती बारकी पण मोजायची काय गो?" मोजायचीच. पुढच्या हंगामाची टोपली तीच आहे. तक्त्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना झाला, आणि चाळणीचे भोक किती मिलिमीटरचे होते हे त्या रकान्याच्या डोक्यावरच लिहायला मी सांगितले.